माळाचे मुद्दल

सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेला माळ खरोखरच रिकामा असतो का? कर्जप्रकरणांच्या कागदांवर हा शब्द शेकडो वेळा लिहिलेल्या एका माजी बँक अधिकाऱ्याचा हा उशिरा दिलेला जबाब.

बँकेतल्या अडतीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, असे कोणी विचारले तर लोकांना वाटेल, ‘थकबाकी’. तोही पुष्कळदा लिहिला. पण निवृत्त झाल्यावर, जुन्या डायऱ्या चाळताना माझ्या लक्षात आले की पहिला नंबर दुसऱ्याच एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

१९८६ साली माझी बदली सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका दुष्काळी तालुक्यात झाली. ग्रामीण कर्जांचे टेबल माझ्याकडे होते. शेळ्या-मेंढ्या, संकरित गाई, विहीर, इंजिन आणि पुढे पुढे फळबागा. कर्ज मंजूर करण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी करायची आणि अहवाल लिहायचा, हा माझ्या कामाचा निम्मा भाग. त्या अहवालात एक रकाना होता : जमिनीचा प्रकार. त्यात बागायत, जिरायत किंवा पडीक यांपैकी एक शब्द लिहायचा. विहिरीजवळचा हिरवा तुकडा बागायत, बाजरी-मटकीची जमीन जिरायत, आणि उरलेले सारे, म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेला तो पिवळा माळ, पडीक. माझा हात त्या शब्दाला इतका सरावला होता की मान वर करून पाहण्याचीही गरज वाटत नसे.

एकदा मात्र मान वर करावी लागली. मेंढ्यांसाठी दिलेल्या कर्जाची तपासणी होती. विम्याचे बिल्ले मेंढ्यांच्या कानात आहेत की नाहीत, ते मोजायचे. कर्जदार एक वृद्ध धनगर. मी एका दगडावर बसून फॉर्म भरत होतो. म्हातारबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

“काय लिवताय सायेब?”

“जमिनीचा प्रकार, आबा. पडीक.”

“पडीक? ह्यो माळ कवा पडला? उभाच हाय की!”

मी हसलो. त्यांना शाब्दिक कोटी करायची नव्हती, हे मला तेव्हा कळले नाही. ते खाली बसले, हाताला येईल ते उपटून माझ्यापुढे धरू लागले. हा शेडा, हा पवन्या, हे मारवेल, ही कुसळी, हा शेवरा, हा बरबडा. मला सगळे गवतच दिसत होते. मी तसे म्हणालो. तेव्हा ते जे बोलले, ते वाक्य मी केवळ गमतीदार वाटले म्हणून डायरीत लिहून ठेवले. “मेंढरू गवात खात न्हाय सायेब. गवतं खातं.”

एकवचन आणि अनेकवचन यांतला हा फरक समजायला मला पुढची तीस-पस्तीस वर्षे लागली. अहवालातला शब्द अर्थात बदलला नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावाला गेलो.

जमिनीखालचा अर्धा संसार

महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून शंभर-एक किलोमीटर पूर्वेला आले की तोच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पलीकडच्या मुलखाच्या वाट्याला त्यांची सावली येते. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर कुठे वीतभर तर कुठे चार बोटे माती. एवढ्या मातीत आणि एवढ्या पाण्यात घनदाट जंगल उभे राहत नाही. तिथे उभे राहते गवत, आणि त्यात विखुरलेली हिवर, खैर, बोर, बाभूळ, तरवड. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या भागांचे हे मूळ रूप.

माळाचा खरा संसार जमिनीखाली असतो. शेडा, पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवते. वैशाखात वरचा भाग वाळून कोळ झाला तरी बुडखा जिवंत राहतो. या गवतांची वाढ होते ती जमिनीलगतच्या पेरापासून. म्हणून मेंढीने वरचे पाते खाल्ले तरी गवत मरत नाही, पुन्हा फुटते. मला यात आमच्या धंद्यातली भाषा दिसते. वर दिसते ते व्याज, आणि मुद्दल जमिनीखाली. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये.

गवतांच्या संगतीला कंदवाले असतात. रानकांद्याला उन्हाळ्यातच, पानांच्या आधी, फुलांची दांडी येते. पहिल्या पावसानंतर भुईचक्र, मुसळी उगवतात. कुठे काटेरी झुडपाचा आधार घेत कंदीलफुलाची वेल चढते. कंदिलासारखे तिचे फूल बारीक माश्यांना आत घेते, थोडा वेळ कोंडून ठेवते आणि परागकण अंगाला लावून सोडून देते. शेवरा, बरबडा यांसारख्या शेंगावर्गातल्या वनस्पती हवेतले नत्र मातीत आणतात. चार महिन्यांत हे सगळे उगवते, फुलते, बी टाकते आणि पुन्हा मातीत दडून बसते. आमच्यासारखा अधिकारी बहुधा मार्चच्या तोंडावर, कर्जवसुलीच्या दिवसांत जाणार. त्याला काय दिसणार? पडीक!

या शब्दामागे एक जुनी समजूत आहे. पूर्वी इथे मोठे अरण्य होते, माणसाने ते तोडले, गुरांनी खाल्ले आणि मागे हा उजाड माळ राहिला, अशी ती समजूत. शाळेत आम्ही हेच शिकलो. इंग्रजी अमदानीत महसूल ज्यातून येत नाही ती जमीन वाया गेलेली, हा हिशेब रूढ झाला आणि स्वातंत्र्यानंतर आपण तो तसाच पुढे चालवला. १९८५ साली देशपातळीवर पडीक जमिनींच्या विकासासाठी खास मंडळ स्थापन झाले. आमच्या शाखेत येणाऱ्या परिपत्रकांत त्याचा उल्लेख असे. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा शब्दही त्याच कुळातला.

पण अलीकडच्या संशोधनाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ थरांनी साचला आहे. त्यात त्या त्या काळातल्या वनस्पतींचे अवशेष आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की गेल्या सुमारे सहा हजार वर्षांत मोसमी पाऊस क्षीण होत गेला आणि त्यामुळे इथे झाडे मागे हटून गवताळ प्रदेश पसरला. म्हणजे हे काम कुऱ्हाडीने किंवा वणव्याने नव्हे, पावसाने केले आहे.

दुसरा पुरावा मला, एक कादंबरीकार म्हणून, अधिक भावला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ओव्या, कथा, आख्यायिका तपासल्या आणि त्यांत कोणत्या रानवनस्पतींची नावे येतात ते पाहिले. सातशे वर्षांपूर्वीच्या या वाङ्मयातही उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातली झाडे पुन्हा पुन्हा येतात. आपल्या संतांनी आणि शाहिरांनी, दळण दळणाऱ्या बायकांनी हा मुलूख जसा पाहिला तसा सांगितला होता. ती साक्ष आपल्या घरातच पडून होती. आम्ही मराठीचे पदवीधर तिच्यात अलंकार शोधत बसलो.

हा माळ नवा नाही, तसा तो दरिद्रीही नाही. दख्खनच्या आणि भारतीय द्वीपकल्पातल्या इतर गवताळ प्रदेशांत जगात अन्यत्र कुठेही न सापडणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पती आहेत, असे २०२२ साली एका अभ्यासात मांडले गेले. त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक तर गेल्या दोन दशकांतच विज्ञानाला ठाऊक झाल्या. म्हणजे ज्या जमिनीला आपण शंभर-दीडशे वर्षे ‘काही नाही’ म्हणत आलो, तिथे काय काय आहे याची मोजदाद अजून पुरी व्हायची आहे.

उतरता जिना

माळ बदलतो म्हणजे काय होते? जंगल तुटले की डोळ्यांना दिसते. माळाचे तसे नाही. पावसाळ्यात तो पूर्वीही हिरवा होता, आजही हिरवाच दिसतो. बदल होतो तो त्या हिरवेपणाच्या आत, आणि तो होतो पिढीच्या गतीने. त्यामुळे कोणत्याही एका वर्षी कोणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही.

दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशभर फिरून भारतातल्या गवतांच्या आवरणाचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार पाडले. आपल्या दख्खनच्या वाट्याला शेडा आणि मारवेल यांच्या कुळातला प्रकार आला. चराईचा ताण वाढत गेला की या गवताळ प्रदेशाची अवस्था कशी पायरीपायरीने उतरते, हेही अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले.

सर्वांत वरच्या पायरीवर शेडा, पवन्या, मारवेल. मऊ, रसदार, जनावराच्या आवडीची. आवडीची म्हणूनच आधी खाल्ली जातात. बी धरायला सवड मिळाली नाही, बुडख्याला विसावा मिळाला नाही की ती विरळ होतात आणि त्यांच्या जागी कुसळी पसरते. कुसळी कोवळी असेतो जनावर खाते. पण एकदा कुसळ धरले की तोंड लावत नाही. तिचे बी म्हणजे निसर्गाचा गिरमिट आहे. टोकदार बी आणि त्याला लांब पीळदार शेपूट. ओलावा मिळाला की पीळ सुटतो, सुकला की पुन्हा वळतो आणि बी जमिनीत घुसत जाते. जमीन नाही मिळाली तर मेंढीच्या लोकरीत शिरते आणि कातडीत रुतते. त्याच्या खालच्या पायरीवर येतात एका हंगामाची, बारीक, तीन-तीन कुसळांची गवते. त्यांत पोषण नाही आणि माती धरून ठेवण्याची ताकदही नाही. त्यानंतर मुरूम.

यावरून सगळा दोष धनगरांच्या माथी मारायचा मोह होतो. आमच्या बँकेतही तो मारला जाई. पण जुनी रीत पाहा. दसरा-दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात जात, शेतांत खतासाठी बसवले जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. इकडे आले तरी एका जागी फार दिवस थांबत नसत. गावोगावी राखीव कुरणे असत. गवत बी टाकून पिकले की कापणी होई आणि त्यानंतर जनावरे सोडली जात. माळ खाल्ला जाई, तसा त्याला विसावाही मिळे. पुढे शेते वाढली, कुरणे मोडली, ठिकठिकाणी चर खणून आणि कुंपणे घालून चराईबंदी आली. कळपाला फिरायला जागा कमी झाली आणि जो तुकडा मोकळा राहिला त्यावर सगळा भार पडला. मेंढ्यांसाठी कर्ज देताना आम्ही मेंढ्या मोजल्या. त्या चरणार कुठे, याचा रकाना फॉर्मवर नव्हता.

तरीही ही उतरण परतीची असते, हे महत्त्वाचे. जमिनीत बुडखे शिल्लक असतील, शेजारी बी असेल, तर काही वर्षांच्या विसाव्यानंतर माळ पुन्हा पायऱ्या चढतो. परतीची वाट बंद होते ती दुसऱ्याच कारणांनी.

निरंक झालेले खाते

१९९० साली राज्यात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला. चांगली योजना होती, अनेक घरांत तिने पैसा आणला. १९९१ मध्ये माझ्याकडे एका शेतकऱ्याचे प्रकरण आले. आठ एकर माळ, शेजारी बिरोबाचे देऊळ. मी पाहणीला गेलो, रकान्यात ‘पडीक’ लिहिले आणि शिफारस केली. डोझर आला. माळ सपाट झाला. मीटरभर लांब, रुंद, खोल असे खड्डे घेतले. बोर आणि डाळिंब लागले. काही वर्षे उत्पन्न चांगले आले. मुलगा शिकला, घराला स्लॅब पडला. कर्ज व्याजासह फिटले, खाते निरंक झाले. विभागीय कार्यालयाला पाठवलेल्या यशस्वी प्रकरणांच्या यादीत मी ते आनंदाने घातले होते.

२००३ च्या दुष्काळात विहीर आटली. टँकरच्या पाण्यावर किती झाडे जगणार? जी जगली त्यांना पुढे तेल्या रोगाने गाठले. बाग मोडली आणि जमीन सोडून दिली. आता कुठे ती खऱ्या अर्थाने पडीक झाली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी पुन्हा तिथे गेलो. एका कादंबरीच्या निमित्ताने जुना तालुका पाहायचा होता. त्या शेतकऱ्याचा मुलगा आता पन्नाशीला आला आहे. त्याने ती जमीन दाखवली. वीस वर्षे तिला कोणी हात लावलेला नाही. मला वाटले होते, माळ परत आला असेल. तिथे गाजरगवत होते, बाहेरून आलेला तरोटा होता, बांधाच्या कडेने थोडी कुसळी आणि मध्ये दोन वेड्या बाभळी. “साहेब, इथं गुरंसुद्धा थांबत नाहीत,” तो म्हणाला. बांध ओलांडून देवळाच्या बाजूला गेलो. ती जमीन देवाची, म्हणून कधी नांगरली नव्हती. गुडघ्याएवढे गवत वाऱ्यावर लवत होते. आम्ही दोघे उकिडवे बसून वेगवेगळी पाने मोजू लागलो. एका हातरुमालाएवढ्या जागेत माझ्या दोन्ही हातांची बोटे संपली. मधे फक्त एक बांध होता. बांधाच्या अलीकडे माझी सही होती.

घरी येऊन मी याविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की हे एका बांधाचे दुखणे नाही. नेर्लेकर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली जगातल्या सहा खंडांतले ३१ अभ्यास एकत्र तपासले. नांगरट, खाण किंवा वनीकरण यांसारख्या कारणांनी मोडलेला आणि नंतर सोडून दिलेला गवताळ भाग एकीकडे. कधीच न मोडलेला जुना गवताळ भाग दुसरीकडे. जुन्या भागात वनस्पतींच्या जाती सरासरीने ३७ टक्के अधिक होत्या. आणि मोडलेला भाग पूर्ववत व्हायला किमान एक शतक, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कितीतरी अधिक काळ लागेल, असा त्यांचा निष्कर्ष. जंगल जुने असते हे आपल्याला झाडाच्या बुंध्यावरून कळते. गवतही जुने असते, हे आपल्या कधी मनातच आले नव्हते. नांगराने व्याज नाही, मुद्दलच उपटले जाते.

दुसरे कारण सांगताना मला थोडा संकोच होतो, कारण ते एका चांगल्या कामाच्या रूपात येते : झाडे लावणे. ऐंशीच्या दशकापासून वनीकरणाच्या नावाखाली माळांवर चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. भराभर वाढते, गुरे फारशी खात नाहीत, कमी पाण्यात जगते. खात्याला आणखी काय हवे? पण माळावरच्या गवतांना भर उन्हाची सवय. सावली पडली की ती खचतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या दाटीखाली काय उगवते, ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा वाकून पाहावे. त्याच शहरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवाराची वनस्पतिसूची अर्ध्या शतकाच्या अंतराने पुन्हा करण्यात आली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. जुन्या यादीतल्या कित्येक देशी रानवनस्पती पुन्हा सापडल्या नाहीत. यादी जुनी होती म्हणून हे कळले. बाकीच्या टेकड्यांच्या याद्या कुठे आहेत?

तिसरे कारण, परके पाहुणे. गाजरगवताची भारतातली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. आयात गव्हाबरोबर ते आले असे लोक म्हणतात आणि त्याला ‘काँग्रेस’ म्हणून हिणवतात. खणलेल्या, उकरलेल्या, मोडलेल्या जमिनीवर ते सर्वांत आधी पोचते. घट्ट, जुन्या गवतात त्याला शिरकाव करणे जड जाते. म्हणजे पाहुण्याला दार आपणच उघडून देतो.

१८५६ पासूनची खतावणी

हिशेबाच्या माणसाला जुन्या नोंदींचे आकर्षण असते. गवताची सर्वांत जुनी अखंड खतावणी इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला रोदमस्टेड येथे आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले आणि कोणते खत घातले की वाळले गवत जास्त निघते ते पाहू लागले. प्रयोग आजही चालू आहे. तिथली हवा आपल्याहून निराळी, गवते निराळी. पण धडा सगळीकडचा आहे. ज्या तुकड्यांना खत नाही, तिथे आजही चाळिसाच्या आसपास जाती नांदतात. ज्यांना अमोनियाचे खत भरपूर मिळाले आणि चुना मिळाला नाही, तिथे दोन-तीन जातीच उरल्या. उत्पन्न वाढले आणि वस्ती उठली. १९८९ नंतर काही तुकड्यांचे नत्र थांबवले तेव्हा जाती हळूहळू परतू लागल्या. तिथे जमीन उलथली नव्हती आणि बी शेजारीच होते.

आपल्या माळांसारखी निमकोरडी, चुनखडीच्या मातीतली कुरणे युरोपातही आहेत. चेक आणि स्लोव्हाक देशांच्या सीमेवरच्या बेले कार्पाती डोंगरांतली कुरणे त्यांत सर्वांत प्रसिद्ध. चटईएवढ्या जागेत किती जाती असू शकतात, याच्या जागतिक उच्चांकांत त्यांचे नाव घेतले जाते. गंमत अशी, की तिथे माणसाने हात काढून घेतला की कुरण बिघडते. शेकडो वर्षे तिथले शेतकरी उन्हाळ्यात एकदा गवत कापत आले. समाजवादी राजवटीत सामुदायिक शेतीसाठी बरीच कुरणे नांगरली गेली, खते पडली. आणि जिथे कापणी थांबली तिथे दोन-चार दांडगी गवते आणि झुडपे बाकीच्यांच्या उरावर बसली. आज तिथे कापणी पुन्हा सुरू ठेवणे हाच संरक्षणाचा उपाय मानला जातो.

आपल्याकडे संरक्षण म्हटले की कुंपण आठवते. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी, सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर. पक्ष्याला आणि हरणाला चेहरा असतो, म्हणून त्यांच्यासाठी काही तरी झाले. शेड्याला चेहरा नाही. पण ज्याच्यासाठी अभयारण्य काढले तो माळढोक आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे, कारण त्याला लागणारा माळ कुंपणाच्या बाहेर होता आणि तिथे आमच्यासारख्यांचे रकाने भरणे चालू होते. आता त्याच जमिनींवर सौरऊर्जेच्या तावदानांची दृष्टी आहे. वीज हवी, यात वाद नाही. पण जागा निवडताना कागदावर पुन्हा तोच शब्द वापरला जाणार असेल, तर निदान एकदा वाकून पाहावे.

“मग पोरांनी खायचं काय?”

त्या शेतकऱ्याच्या मुलाने मला हा प्रश्न सरळ विचारला. “साहेब, तुम्ही म्हणताय ते पटतंय. पण बाबांनी बाग केली नसती तर मी शिकलो नसतो. मग पोरांनी खायचं काय? गवत?”

याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्या नावावर माळ आहे त्यानेच सगळ्यांसाठी तो सांभाळावा, हा न्याय नव्हे. पण हिशेब पुरा मांडला तर चित्र थोडे बदलते. दर मोठ्या दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागतात, उसाचे वाढे आणि कडबा ट्रकांनी लांबून आणावा लागतो. शेडा-पवन्याचा माळ राखला, बी पडल्यावर कापला, कळपांना पाळीपाळीने सोडला, तर तो पाण्याच्या थेंबाविना दर वर्षी चारा देतो. तो पाऊस मुरवतो, माती धरून ठेवतो. ही सेवा कोणत्याच ताळेबंदात नाही. झाडे लावणाऱ्याला अनुदान मिळते. गवत राखणाऱ्याला का मिळू नये? गायराने आणि वनखात्याकडचे माळ यांबाबत तर निर्णय सरकारच्याच हातात आहे. तिथे चर खणण्यापूर्वी काय उगवते ते मोजावे आणि पिढ्यान् पिढ्या तिथे चारणाऱ्याला आधी विचारावे.

आणि आपण? पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी टेकडीवर रोपे लावायला मुलांना नेण्याचा बेत असेल, तर त्याआधी एक करावे. चार हात सुतळी घ्यावी, जमिनीवर चौकोन करावा आणि आतल्या वेगवेगळ्या पानांची मोजणी मुलांना करायला सांगावी. नावे आली नाहीत तरी चालेल. मोजता मोजता बोटे संपली, तर तिथे खड्डा खणू नये. रोप शाळेच्या आवारात लावावे, रस्त्याच्या कडेला लावावे. आणि तो आकडा तारीख घालून वहीत लिहून ठेवावा. पन्नास वर्षांनी कोणाला तरी त्या वहीची गरज पडेल.

परत निघताना मी त्या म्हाताऱ्या धनगराची चौकशी केली. ते जाऊन पंचवीस वर्षे झाली. त्यांचा नातू देवळामागे मेंढ्या घेऊन उभा होता. कळप आजोबांच्या कळपाच्या निम्माही नव्हता. मी डायरीतली आजोबांची नावे वाचली आणि त्याला गवते दाखवायला सांगितले. शेडा, मारवेल, कुसळी त्याने चटकन दाखवली. पवन्यापाशी थोडा अडखळला. बाकीची दोन-तीन नावे त्याने ऐकली होती. गवते पाहिली नव्हती.

मी सवयीने पेन काढले आणि विचारले, “या जमिनीला तुम्ही काय म्हणता?”

त्याने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले. यात विचारण्यासारखे काय आहे, असा तो चेहरा होता.

“माळ,” तो म्हणाला.

मी तेवढेच लिहिले.